मागून आणलेला वेल

विकत घेतलेले मनीप्लांट घराला लाभत नाही, ते दुसऱ्याच्या कुंडीतून त्याच्या नकळत खुडून आणले तरच फळते, अशी एक समजूत आपल्याकडे घरोघर आढळते. शहाणीसुरती माणसेही ती हसत हसत मुलांना सांगतात. मला मात्र ही समजूत निरुपद्रवी वाटत नाही. चोरी एका पानाची असली, तरी ती वडीलधाऱ्यांच्या संमतीने होते. धनलाभाचे म्हणाल, तर या वेलापासून रोपवाटिकावाल्यांखेरीज कोणाला तो झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही!

शिवाय, 'फळते' हा शब्दच येथे चुकीचा आहे. या वेलाची जन्मभूमी प्रशांत महासागरातील मूरेआ हे चिमुकले बेट. कुळाने तो आपल्या अळूचा आणि सुरणाचा भाऊबंद. म्हणूनच त्याचे पान चावल्यास त्यातील सुईसारखे सूक्ष्म स्फटिक तोंडात टोचतात व आग होते. लहान मुले आणि मांजरे यांच्यापासून तो दूर ठेवावा, हे बरे. घरोघरी लावलेल्या या वेलाला फूल जवळजवळ कधीच येत नाही. फुलण्यास आवश्यक असलेले जिबरेलिन हे संप्रेरक तो पुरेसे तयार करू शकत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही, म्हणून फळ नाही आणि बीही नाही. मग तो समुद्र ओलांडून आपल्या खिडकीपर्यंत पोहोचला कसा? माणसांच्या हातून! कोणी तरी एक तुकडा कापला, दुसऱ्याने तो लावला, त्याच्याकडून तिसऱ्याने नेला. ज्याचा सारा विस्तार असा देण्याघेण्यावर चालला आहे, तो चोरून आणण्यात कसले आले आहे शहाणपण?

तेव्हा तो उघडपणे मागावा. मागणाऱ्याला शेजारच्या काकू तुकडा तर देतीलच, पण कोठे कापावे तेही दाखवतील. नुसते पान नेऊन उपयोग नाही. सोबत निदान एक पेर हवे, कारण मुळे व नवा कोंब पेरापाशीच फुटतात. तुकडा पाण्यात ठेवला की काही आठवड्यांत मुळे दिसू लागतात. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि वेल वर्षानुवर्षे बाटलीत राहतो. बाटली ही धर्मशाळा आहे, घर नव्हे. त्याला माती द्यावी, भरपूर पण सौम्य उजेड द्यावा, आणि मुख्य म्हणजे चढायला आधार द्यावा. खाली लोंबणाऱ्या वेलाची पाने लहानच राहतात. तोच वेल एखाद्या वृक्षाच्या खोडावर चढला, की त्याची पाने सुपाएवढी होतात, त्यांना कडेने चिरा पडतात. उद्यानात असा वेल पाहून, हा आपल्या बाटलीतलाच, हे कित्येकांना पटत नाही.

पाणी मात्र बेताने घालावे. माती सतत ओली राहिली, तर मुळे कुजतात.

वेल फार वाढला, म्हणजे तो छाटावा लागतो. छाटलेले तुकडे ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नयेत. श्रीलंकेत हाच वेल जंगलात शिरून तेथील मूळच्या वनस्पतींना जाचक झाला आहे. ते तुकडे पाण्याच्या भांड्यात घालून ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे ठेवावेत. ज्याला हवे असतील, तो मागून नेईल.