आठ सेकंदांची स्वारी आणि डोक्याचा मार

अमेरिकेतील रोडिओ या खेळात वळूवर बसण्याची स्पर्धा असते. काही वाचकांनी ती टीव्हीवर पाहिली असेल. उधळलेल्या वळूच्या पाठीवर एका हाताने दोर धरून ८ सेकंद टिकायचे. दुसरा हात वळूला लागला तर स्वार बाद. शिंगाची व खुरांची भीती कुणालाही कळते. मला डॉक्टर म्हणून जास्त भीती वाटते ती पडल्यावर कपडे झटकून ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्याची.

३० जुलै १९८९ रोजी शायेन येथे लेन फ्रॉस्ट हा २५ वर्षांचा नामवंत स्वार ८ सेकंद पूर्ण करून खाली उतरला. वळूने पाठीत धडक दिली, बरगड्या मोडल्या आणि तो दगावला. पुढे त्याचा मित्र कोडी लँबर्ट याने संरक्षक जाकीट तयार केले. छातीची थोडीफार सोय झाली. पण डोक्याचे काय?

कॅनडाचा स्वार टाय पोझोबॉन याच्या डोक्याला अनेकदा मार बसला होता. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या पंचविशीतच, त्याने जीवन संपवले. मृत्यूनंतरच्या तपासणीत, वारंवारच्या माराने होणारा मेंदूचा जुनाट विकार (सीटीई) आढळला.

हेल्मेट जरूर घालावे. त्याने कवटी व चेहरा वाचतो. पण आतला मेंदू हिसक्याने हलायचा तो हलतोच. अशा वेळी रक्त दिसत नाही, स्कॅनही बहुधा नॉर्मल येतो. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर तरुण माणसाच्या मेंदूला सूज येऊन प्राणावर बेतू शकते.

बहुतेक रोडिओंत स्वाराला पगार नसतो. प्रवेश फी भरायची आणि टिकला तरच बक्षीस. असा माणूस स्वतःहून ‘आज नको’ कसे म्हणणार? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, पुन्हा बसायचे की नाही हे स्वाराने नव्हे, डॉक्टरने ठरवावे.

आपल्याकडे वळू नाही, पण कबड्डीचे मैदान आणि मोटारसायकल आहे. डोक्याला मार लागून भोवळ आली, क्षणभर शुद्ध हरपली किंवा काय घडले ते आठवेना, तर त्या दिवशी खेळणे व गाडी चालवणे बंद. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, नाका-कानातून पाणी वा रक्त, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.