गाडीचं घर करताय? आधी आरसी बुक उघडा!

जुनी व्हॅन घ्यायची, सीट काढायच्या, पलंग आणि ओटा बसवायचा. रील पाहताना सगळं सोपं वाटतं. पण थांबा.

नियम काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

हा जाच आहे का?
नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. प्लाय, बॅटरी, सिलिंडर वेगळे. ब्रेक मात्र तेच! बंद गाडीत शेगडी पेटवून झोपलात, तर कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

मग हौशी माणसाने काय करायचं?
राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. आता घरी बनवलेल्या गाडीसाठीही आरटीओत तपासणी, ठरलेली फी आणि आरसीवर नोंद अशी सोपी वाट हवी. तोवर कापाकापी, वेल्डिंग नको. सीट दुमडून वर फळी टाका, सकाळी काढून ठेवा. झोप तीच लागते!