गिरणगावातले घर गिरणगावातच हवे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांचे भोंगे मात्र एकामागून एक बंद पडले आणि त्यांच्यावर जगणारे लालबाग-परळ खंगत गेले.

हा भाग सावरण्याची संधी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने दिली होती. गिरणीच्या जमिनीचा साधारण एकतृतीयांश वाटा मैदाने-उद्यानांसाठी महापालिकेला आणि जवळपास तेवढाच परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, असा तो विचार होता. २००१ साली ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल वैध ठरवला. म्हाडाचा वाटा आक्रसला. टोलेजंग मनोरे वाढले.

तरीही २०१२ च्या सोडतीत कामगारांसाठी ६,९२५ घरे निघाली. घर २२५ चौरस फुटांचे, पण मुंबईतले! अर्जदार मात्र लाखाच्या वर. मग पुढची काही घरे पनवेलजवळच्या कोनला गेली.

छप्पर तिथेही मिळते, हे खरे. परंतु कामगारांची मुले-नातवंडे दूर गेली, तर इथली मराठी शाळा, खाणावळ, गणेशोत्सव मंडळ कोणाच्या जिवावर चालणार? वस्ती सावरते ती माणसे टिकल्याने. गिरणगावात जी सार्वजनिक जमीन अजून शिल्लक आहे, तिच्यावर पहिला हक्क या घरांचाच असला पाहिजे. ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली, त्यांना मुंबईबाहेरचा रस्ता दाखवणे हे पुनर्वसन नव्हे.