मिळून केलेले पुनर्वाचन

शाळेत वाचलेले पुस्तक मोठेपणी पुन्हा हाती घेणारे वाचक थोडे. आणि तेच पुस्तक चारचौघांत बसून, मोठ्याने, रोज थोडे थोडे वाचणारे त्याहूनही थोडे. एकदा वाचले म्हणजे पुस्तक संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. परीक्षेत त्यावर प्रश्न आला, उत्तर लिहिले, गुण मिळाले. मग ते कपाटात गेले ते गेलेच. ही समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल, तर साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’सारखा दुसरा दाखला सहसा सापडणार नाही.

हे पुस्तक गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ९ फेब्रुवारीस आरंभ आणि १३ फेब्रुवारीस समाप्ती, असे अवघ्या पाच दिवसांचे ते लेखन. त्याला कादंबरी म्हणावे की आठवणी, याचा वाद पंडितांनी खुशाल घालावा; वाचणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. त्याची रचना मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यात प्रकरणे नाहीत, ‘रात्री’ आहेत. आणि त्या बेचाळीस आहेत. सायंकाळची प्रार्थना आटोपली की मित्र श्यामभोवती जमतात आणि तो आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे हे पुस्तक मुळातच मंडळीत बसून ऐकण्याचे आहे. एका बैठकीत ते घाईघाईने संपवणे म्हणजे बेचाळीस दिवसांचे जेवण एका पंगतीत उरकण्यासारखे होय.

मिळून वाचण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. श्रावणात ओटीवर पोथी लागे. एकजण वाची, दहाजण ऐकत, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही कथा मुखोद्गत होई. वसईच्या ख्रिस्ती घरांतून सायंप्रार्थना साऱ्या कुटुंबाने मिळून करण्याची पद्धत आहे. या जुन्या सवयीला कथेच्या पुस्तकाची जोड देणे इतकेच काय ते करावयाचे.

वसई तालुक्यातील चिंचोटी अशा वाचनाला फार सोयीची आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरची वाहनांची रहदारी तेथे रात्रंदिवस चालू असते. पावसाळ्यात धबधबा पाहावयास शहरांतून माणसे येतात आणि संध्याकाळी परततात. मागे तुंगारेश्वरचा डोंगर असतो तसाच उभा राहतो. या भागात आगरी आहेत, आदिवासी आहेत, ख्रिस्ती आहेत, पोटापाण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबेही आहेत. अशा निरनिराळ्या घरांतली माणसे एका पुस्तकाभोवती बसली, तर ज्याने ते दहा वेळा वाचले असेल त्यालाही त्यात न पाहिलेले काही दिसू लागेल. याला एक ‘रात्र’ तर उत्तम साक्ष देते.

त्या रात्रीचे नाव ‘देवाला सारी प्रिय’. एका वृद्धेची लाकडांची मोळी खाली पडली आहे. ती थकली आहे. कोणी हात दिल्यावाचून मोळी डोक्यावर चढणे शक्य नाही. पण तिची जात त्या काळच्या समाजाने अस्पृश्य ठरवलेली. हात द्यावा कोणी? श्यामची आई हे पाहते आणि श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी चढव आणि मग येऊन स्नान कर. श्याम तसे करतो. लोक नावे ठेवतात, पण आई डगमगत नाही.

अकरा-बारा वर्षांच्या मुलाने हे वाचले म्हणजे त्याला आईचा अभिमान वाटतो, आणि तो वाटणे योग्यच आहे. साठीच्या वाचकाची दृष्टी मात्र ‘स्नान कर’ या दोन शब्दांवर अडखळते. मदत करावयाची, पण अंगाला विटाळ झाला असे मानावयाचेच! आणि ज्या घरातून आजही कोणी डोंगरावर लाकूडफाट्याला जाते, त्या घरातील मुलगी मंडळीत बसली असेल तर ती कदाचित तिसरेच विचारील : मोळी डोक्यावर घेऊन निघालेल्या म्हातारीला काय वाटले असेल? मुलगा अंघोळीला गेला हे तिला ठाऊक असेल काय? पुस्तकात याचे उत्तर नाही. एकट्याने वाचणाऱ्याला हा प्रश्न बहुधा सुचतही नाही.

कोणी म्हणतील, अशाने मुलांच्या मनातली आईची मूर्ती डागाळेल. ही भीती व्यर्थ आहे. आईने आपल्या काळाच्या भिंतीत एक खिडकी उघडली. सबंध भिंत पाडणे तिच्या हाती नव्हते. पुढे त्याच आईच्या मुलाने, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून, १९४७ सालच्या मे महिन्यात उपोषण केले आणि मंदिराचे दार उघडले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने तर अस्पृश्यताच रद्द केली. मोळीपासून पंढरपूरपर्यंतचे हे अंतर दिसावे म्हणून तरी ‘स्नान कर’ हे शब्द न गाळता, न लपवता वाचले पाहिजेत. मुलांसाठी जुनी पुस्तके सोवळी करून छापणारे लोक या अंतरालाच पुसून टाकतात.

प्रत्येक रात्रीचे असे होईल असे नाही. ‘अळणी भाजी’ ऐकताना लहानथोर सारखेच हसतील : भाजीत मीठ घालावयास आई विसरली, वडिलांनी मुकाट्याने ती खाल्ली, आणि स्वतः जेवावयास बसल्यावर आईला ते कळले. पोहण्याच्या रात्री मुले घाबरट श्यामच्या बाजूची होतील आणि मोठी माणसे त्याला बदडून विहिरीवर धाडणाऱ्या आईच्या बाजूची. तेथे थोडे भांडण झाले तरी चालेल. कर्जाच्या रात्री मुलांना आईचा अपमान दिसतो. ज्यांनी संसार केला आहे, त्यांना व्याज दिसते.

पुस्तकात अश्रू फार आहेत, हा आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. श्याम वरचेवर रडतो. एकट्याने वाचताना या अश्रूंत वाचक वाहून जातो किंवा कंटाळून पुस्तक मिटतो. चारचौघांत दोन्ही गोष्टींना आपोआप आळा बसतो. शेजारी कोणी डोळे पुसत असता आणि दुसरा कोणी हसू दाबीत असता, आपल्याला खरोखर काय वाटते हे माणूस तपासून पाहतो. हे तपासणे वाचनातले निम्मे काम आहे.

अशा मंडळीत एक धोका मात्र संभवतो. एखादे वडीलधारे गृहस्थ पुस्तक बाजूला ठेवून उपदेश करू लागतात आणि मुले जांभया देतात. त्यावर उपाय सोपा आहे : वाचन संपल्यावर पहिले बोलणे सर्वांत लहान श्रोत्याचे असावे, आणि मोठ्यांनी त्याच्यानंतर, तेही थोडक्यात. वाचणारा रोज निराळा असावा. रोज एक रात्र वाचली तर सहा आठवड्यांत पुस्तक पुरे होते. आषाढात आरंभ केला तर श्रावणात शेवटच्या रात्री येतात. त्या आईच्या आजाराच्या आणि मृत्यूच्या आहेत. तेथे मोठ्या माणसांचा आवाज फुटण्याचा संभव अधिक. तेव्हा त्या रात्री वाचण्यासाठी पुस्तक एखाद्या स्वच्छ उच्चारांच्या शाळकरी मुलाच्या हाती द्यावे.