मुक्या जिवाचे दुखणे

आमच्या रायपूरच्या घरी राणी आली, तेव्हा दोन ओंजळीत मावेल एवढी होती. वर्षाच्या आत ती माजावर आली आणि फाटकाबाहेर गल्लीतल्या कुत्र्यांचा दरबार भरला. तेव्हा घरात तिच्या नसबंदीचा विषय निघाला.

सासूबाईंचे स्वतःचे पिशवीचे ऑपरेशन झालेले. त्या म्हणाल्या, "मला चार दिवस कूस बदलवत नव्हती. त्या बिचारीला कोण विचारणार, दुखतंय का म्हणून?"

"आई, जनावरांना एवढं दुखत नाही. दुसऱ्या दिवशी पळायला लागतात," आमच्या ह्यांनी निकाल दिला.

मी डॉक्टरांनाच विचारले. ते हसले नाहीत. म्हणाले, "भाभीजी, दुखतं आपल्याइतकंच. फक्त ते सांगत नाहीत."

या ऑपरेशनात पोट उघडून दोन्ही अंडाशये आणि बहुधा गर्भाशयही काढतात. अंडाशयाचा बंध ओढताना सर्वांत जास्त कळ उठते. म्हणून वरची कातडी बधिर करून भागत नाही, पूर्ण भूल द्यावी लागते. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग शिरेतून भुलीचे औषध, श्वासनलिकेत नळी आणि सोय असेल तिथे आयसोफ्लुरेन वायू. पण भूल म्हणजे वेदनाशमन नव्हे! भुलीने जनावर झोपते. जाग आल्यावर जखम ठणकायची ती ठणकतेच. म्हणून दुखणे कमी करणारे औषध चाकू लावण्यापूर्वीच दिलेले बरे. एकदा वाढलेली कळ आवरायला जड जाते.

रायपूरच्या मे महिन्यात ऊन अंग भाजून काढते, म्हणून आम्ही ऑपरेशन थंडीत केले. भुलीखाली अंग गार पडते, हे सांगितलेले असल्यामुळे सासूबाईंनी आपली जुनी गोधडी बरोबर दिली होती. राणी तिच्यात गुंडाळूनच घरी आली. येताना डॉक्टरांनी तीन दिवसांच्या औषधाची चिठ्ठी दिली होती. "इंजेक्शन दिलंय ना, पुरे झालं," म्हणत ह्यांनी ती खिशात घातली.

दुसऱ्या रात्री राणी ओरडली नाही, रडली नाही. ती कोपऱ्यात पाठीची कमान करून नुसती उभी होती. डोळे मिटत, मान खाली जात असे, पण अंग टेकवत नव्हती. हाक मारली की शेपूट मात्र हलवायची. ती शेपूट पाहून ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाटातली आपली कंबरदुखीची गोळी काढली.

"थांब! आधी डॉक्टरांना विचार," सासूबाई कडाडल्या.

त्या थांबल्या म्हणून बरे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या आपल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर तर २००६ पासून बंदीच आहे. ते दिलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. चिठ्ठीत होते मेलॉक्सिकॅम, राणीच्या वजनाप्रमाणे मोजून लिहिलेले. ह्यांनी त्याच रात्री स्कूटर काढली.

स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी कुत्र्याचे दुखणे ओळखण्यासाठी प्रश्नावली तयार केली आहे. त्यातले प्रश्न घरातल्या कुणालाही कळण्याजोगे आहेत. कण्हते का? जखमेकडे वळून पाहते, चाटते का? चाल अवघडली आहे का? जखमेच्या आजूबाजूला हलकेच दाबले तर दचकते का? गप्प, उदास आहे का? अंग आखडून बसते का?

तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर डॉक्टरांना आधीच विचारा: किती तास उपाशी ठेवायचे? रक्त तपासायचे का? दुखणे कमी करण्याचे औषध ऑपरेशनपूर्वी देणार ना? घरी किती दिवस द्यायचे? यात संकोच कसला? आपल्या माणसासाठी आपण विचारतोच की!

औषधानंतर पहाटे केव्हातरी राणी गोधडीवर आडवी झाली. तिच्या शेजारी जमिनीवरच हे झोपले होते. सकाळी चहा देताना सासूबाई एवढेच म्हणाल्या, "जनावरांना दुखत नाही म्हणे!"

ह्यांनी मान खाली घालून चहा घेतला.