खाटेवरून दिसणारं घर

आपल्याकडे फोटो कशाचे काढतात? लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे, सहलीचे. हल्ली वाढलेल्या ताटाचे आणि स्वतःच्या चेहऱ्याचेसुद्धा. मोबाइल हातात आल्यापासून दिवसाला वीस-वीस फोटो निघतात. पण ज्या स्वयंपाकघरात आपला अर्धा दिवस जातो, ज्या जिन्यावरून दहादा चढ-उतार होते, ज्या बोळातून भाजी आणतो, त्याचा एकही फोटो आपल्यापाशी नसतो. ‘त्यात काय काढायचंय?’ हे उत्तर ठरलेलं. माझं म्हणणं असं, की काढायचं तर तेच काढावं. आणि ते घरातल्या बाईने काढावं.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० मध्ये एका ढोबळी मिरचीचा फोटो काढला. मिरची ठेवली होती पत्र्याच्या नरसाळ्यात. बस, एवढंच. पण त्या कृष्णधवल फोटोत ती मिरची पाठ वळवून बसलेल्या माणसासारखी दिसते. पुढच्या वर्षी त्याने कोबीच्या एका पानाचा फोटो काढला. तो बघताना मला तर नऊवारीच्या निऱ्याच आठवल्या. आपण जन्मात किती मिरच्या चिरल्या आणि किती कोबी! एकीनेही कधी आपल्याला थांबवलं नाही. प्राग शहरातल्या जोसेफ सुडेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला होता. १९४० नंतर कित्येक वर्षं तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. ओलावलेली काच, पलीकडचं वाकडं झाड, काठावर ठेवलेला पेला. बाहेर काय चाललं होतं ते इतिहासात आहे, पण खिडकी मात्र तीच. दृश्य बघायला लांब जावं लागतं, हा आपला समज या दोघांनी पार निकालात काढला आहे.

हे सगळं मी छंदवर्गासाठी सांगत नाहीये. आमच्या वस्तीतल्या बचत गटात आम्ही हा प्रयोग करून बघितला, आणि त्यातून जे निघालं ते मला कलेपेक्षा मोठं वाटतं. अटी सोप्या होत्या. घरापासून वीस पावलांच्या आत दहा फोटो. कोणी कॅमेऱ्याकडे बघून हसायचं नाही. फ्लॅश बंद. झूम करायचं नाही, हवं तर दोन पावलं पुढे जायचं. आणि एक तरी फोटो आपल्या उंचीवरून काढायचा नाही. खाली बसा, स्टुलावर चढा, आडव्या व्हा, काहीही करा.

पहिल्या आठवड्यात घरोघरी हसं झालं. ‘भांड्यांचे काय फोटो काढतेस, डोकं फिरलं का?’ एका नवऱ्याने तर मेमरी भरते म्हणून फोटो पुसूनच टाकले. त्याच्या क्रिकेटच्या क्लिपांनी ती भरत नव्हती म्हणे! पण दुसऱ्या आठवड्यात बायका सकाळी आठच्या उन्हाची वाट बघायला लागल्या. तिरपं ऊन खिडकीतून आलं की कळशीवरचे पोचेसुद्धा उठून दिसतात, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एकीने वाळत घातलेल्या साडीच्या आतून बोळ टिपला होता, सगळा बोळ हिरवा. एकीने दोन वर्षांच्या नातवाच्या उंचीला बसून आपल्याच ओट्याचा फोटो काढला. त्यात गॅसची नळी अगदी नाकासमोर लोंबत होती आणि कढईचा दांडा बाहेर आलेला. तो फोटो बघून तिने कोणाला न विचारता नळी मागून वळवून घेतली.

आणि एक फोटो मी विसरणार नाही. सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या. सून दिवसभर करते सगळं, पण वैतागायची एकाच गोष्टीला. ‘कोण आलं गं? कोण गेलं गं?’ हा त्यांचा दिवसभराचा घोष. ‘आडव्या व्हा’ ही अट तिने मनावर घेतली आणि सासूबाईंच्या शेजारी उशीवर डोकं टेकून फोटो काढला. त्यात ट्यूबलाइट होती, माळ्यावरच्या ट्रंकांची बुडं होती, टीव्हीची एक कड होती. दार नव्हतंच. फक्त चौकटीची वरची पट्टी आणि तोरण. फोटो आम्ही सगळ्यांनी बघितला, बराच वेळ कोणी बोललं नाही. त्या रविवारी खाट फिरवली गेली. खर्च शून्य. मला सांगा, त्या घरात दीड वर्ष डॉक्टर येत होते, नातेवाईक येत होते, मीही दोनदा जाऊन आले होते. एकाच्या तरी ध्यानात यावं?

चीनमधल्या युन्नान प्रांतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी खेड्यातल्या ६२ बायकांच्या हाती कॅमेरे दिले. आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढा आणि त्यावर बोला, इतकंच. बोलता बोलता निघालं, की शेतावर जाताना पोराला ठेवायचं कुठे, बाळंतपणाला कोण, मुलींच्या शाळेचं काय. पाळणाघरं, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींना शिष्यवृत्त्या हे पुढे त्यातून उभं राहिलं. या पद्धतीला आता ‘फोटोव्हॉइस’ म्हणतात आणि ती जगभर वापरली जाते. अर्ज लिहिता न येणाऱ्या बाईलाही फोटो दाखवून बोलता येतं, ही त्यातली खरी गोम.

आपल्याकडेही काही हे अगदी नवं नव्हे. होमाई व्यारावाला (जन्म १९१३) म्हटलं की नेहरू, माउंटबॅटन आठवतात. पण मुंबईत शिकत असताना त्यांनी जे. जे. कला महाविद्यालयातल्या वर्गमैत्रिणी आणि शहरातलं रोजचं जगणं टिपलं होतं. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते मात्र नवऱ्याच्या नावाने. डोळा बाईचा, नाव पुरुषाचं!

एक मात्र खटकतं ते बोलून टाकते. गरिबीचे देखणे फोटो काढायला वस्तीत येणाऱ्यांची कमी नाही. फाटकं पोर, सुरकुतलेली म्हातारी, प्रदर्शन, टाळ्या. त्या म्हातारीला विचारतं कोण? आमच्या गटात नियम आहे, ज्याचा फोटो त्याला आधी दाखवायचा, नको म्हणाला तर पुसायचा. आणि फिल्टर लावून भिंत गुळगुळीत करायची नाही. ओल दिसू दे की.

सार्वजनिक संडासाकडे जाणाऱ्या बोळाचे रात्री आठचे सहा फोटो घेऊन बायका वॉर्ड ऑफिसात गेल्या होत्या. पाच फोटो नुसते काळे. साहेब म्हणाले, ‘यात तर काहीच दिसत नाही.’ ‘तेच दाखवायला आणलंय,’ आमच्यातली एक म्हणाली. दोन दिवे मागितले, एक लागला. दुसऱ्यासाठी चकरा चालू आहेत.

या महिन्याचा विषय आहे ‘बाईची बसायची जागा’. आतापर्यंत आलेल्या फोटोंत उंबरा आहे, जिन्याची तिसरी पायरी आहे, नळकोंडाळ्याचा कठडा आहे, उपडी बादली आहे. खुर्ची अजून एकाही फोटोत आलेली नाही.