अल्गोरिदम नावाचे नवे दैव

समाजमाध्यमे आणि कट्टरता या विषयावर आपल्या मराठी विभागांच्या चर्चासत्रांतून व नियतकालिकांतून हल्ली जे बोलले-लिहिले जाते, त्याचा एक साचा बनून गेला आहे. सामान्य माणूस मुळात भला असतो. त्याच्या हाती फोन येतो. फोनामागे अल्गोरिदम नावाची एक अदृश्य शक्ती असते. ती त्याला एकामागून एक जहाल चित्रफिती दाखवत राहते आणि एके दिवशी तो काठी घेऊन रस्त्यावर उतरतो. या कथेत कर्ता एकच आहे, तो म्हणजे यंत्र. माणसाकडून सारे काही केवळ घडत जाते. पूर्वी अशा ठिकाणी दैव, प्रारब्ध, कलियुग असे शब्द येत. आता त्यांच्या जागी अल्गोरिदम आला आहे, आणि तो इंग्रजी असल्यामुळे आपल्याला शास्त्रीय वाटतो.

या कथेवर माझा आक्षेप आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे नाही. पण तिच्यात जेवढे खरे आहे त्याच्या आडोशाने बरेच काही लपवले जाते. हा आक्षेप मला खानदेशातल्या दोन घटनांच्या आधारे मांडायचा आहे.

पहिली घटना धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याची. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. भिक्षेकरी म्हणून गावोगाव हिंडणे हा या समाजाचा परंपरागत जीवनक्रम. हे लोक मूळचे मंगळवेढा भागातले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून सर्वत्र पसरलेल्या होत्या. यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले, खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. पाचही जण मेले. मारहाणीचे चित्रीकरण झाले आणि ते चित्रीकरणही फोनांवरून फिरले.

आता प्रश्न असा, की राईनपाड्यात अल्गोरिदम कुठे होता? कोणता मजकूर कुणाला, कोणत्या क्रमाने दाखवायचा हे ठरवणारी गणिती रीत म्हणजे अल्गोरिदम, असे आपण म्हणतो. व्हॉट्सॲपच्या गटात तशी निवड होत नाही. तेथे निरोप येतो तो कुणा ओळखीच्या माणसाने धाडला म्हणून, आणि तो आला त्या क्रमाने दिसतो. मेहुणा, वर्गमित्र, गटाचा प्रमुख, शाळेतले गुरुजी यांच्यापैकी कुणीतरी बोट दाबलेले असते. राईनपाड्यापर्यंत पोचलेली अफवा प्रत्येक पायरीवर कुणा माणसाने उचलून पुढे दिली होती. त्या महिन्यात कंपनीने काही उपाय केले. पुढे धाडलेल्या निरोपावर तशी खूण येऊ लागली, आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी धाडता येईल अशी मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे ठरले. त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाकडून मारले गेले. यावरून मर्यादा निरुपयोगी ठरत नाहीत. पण अफवेला यंत्राच्या वेगाखेरीज आणखी काहीतरी लागते, एवढे दिसते.

ते आणखी काहीतरी म्हणजे आधीपासून तयार असलेला संशयित. अफवेने ‘टोळी’ हा शब्द दिला. त्या शब्दाखाली कुणाला बसवायचे हे मात्र अफवेला सांगावे लागले नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु ज्यांची नावे त्या यादीत होती आणि ज्यांची नव्हती, अशा सगळ्याच भटक्यांवर त्या संशयाची सावली राहिली. साक्रीचा हा पश्चिम पट्टा आदिवासीबहुल आहे. ज्या भिल्लांच्या ‘बंदोबस्ता’साठी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी करावी लागली असे इंग्रजी दप्तर सांगते, त्याच दप्तराने त्यांनाही लुटारू म्हणून रंगवले होते. एकेकाळी जे स्वतः संशयित होते त्यांच्याच मुलुखात दुसरा संशयित सापडावा, ही गोष्ट सुखाची नाही. पण ती कुठल्याही कंपनीच्या संगणकात तयार झालेली नाही.

येथे साहित्याच्या माणसांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. दोहोंना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. विद्यापीठांनी ही पुस्तके अभ्यासक्रमांत लावली, त्यांवर प्रबंध झाले, ‘भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची भाषाशैली’ हा परीक्षेचा हमखास प्रश्न झाला. चाळीस वर्षे आपण हे शिकवत आलो. तरी झोळी अडकवलेला माणूस गावात शिरला की पहिला विचार ‘हा कोण, कशाला आला’ असाच यावा, याचा अर्थ आपण ती पुस्तके शैलीचे नमुने म्हणून शिकवली. त्यांतला जबाब आपण नोंदवून घेतलाच नाही. ‘अल्गोरिदमने केले’ असे म्हणणे आपल्याला सोयीचे का वाटते, त्याचे एक कारण येथे आहे.

त्याच १ जुलैच्या रात्री, धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने तासाभराच्या अंतरावर असलेल्या मालेगावातही हीच अफवा पोचली होती. तेथे दोन वर्षांच्या मुलासह पाच जणांच्या एका कुटुंबाला मोठ्या जमावाने गाठले. तेथल्या एका रहिवाशाच्या घरात त्यांना आसरा मिळाला, पोलीस वेळेवर पोचले आणि पाचही जण वाचले. अफवा तीच, फोन तेच, रात्र तीच. ज्या शहराचे नाव उच्चारताच उरलेल्या महाराष्ट्राच्या कपाळावर आठी पडते, त्या शहरात दार उघडणारे कुणीतरी निघाले. यंत्रालाच सर्व कर्तृत्व देणाऱ्या कथेत या माणसाला जागा नाही. जमावातल्या माणसाला निर्दोष ठरवताना ती कथा दार उघडणाऱ्याचे श्रेयही हिरावून घेते.

*

एवढे वाचून कुणी म्हणेल, मग तंत्रज्ञान निर्दोषच की! सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही. हा युक्तिवाद मला पहिल्याहून अधिक लबाड वाटतो. सुरी वापरणाऱ्याचा स्वभाव ओळखून त्याच्या हाताला वळण लावत नाही.

फेसबुकने २०१७ पासून संतापाच्या चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते. मजकूर किती पुढे न्यायचा हे ठरवताना लोकांचा राग असा पाचपटीने मोजला जात होता. या कंपनीच्या २०१६ च्या अंतर्गत सादरीकरणात असे नमूद होते की अतिरेकी गटांत सामील होणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक कंपनीच्याच शिफारशींमुळे तेथे पोचतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्याच एका संशोधकाने केरळमधील वापरकर्ता म्हणून एक चाचणी-खाते उघडले आणि यंत्र जे सुचवेल ते स्वीकारत जाण्याचे ठरवले. तीन आठवड्यांत ते खाते द्वेष, खोट्या बातम्या आणि प्रेतांची चित्रे यांनी भरून गेले. पुढे ही कागदपत्रे बाहेर आली तेव्हा जगाला कळले. कंपनीला ते आधीच ठाऊक होते. ठाऊक असून चालू ठेवणे याला मराठीत चूक म्हणत नाहीत.

तेव्हा यंत्राचा दोष आहेच. तो नेमका काय, हे मात्र नीट सांगितले पाहिजे. अफवा ही एक घटना असते. तिला आरंभ असतो, अंत असतो, आणि ती खोटी ठरवता येते. शिफारशींच्या प्रवाहाचे तसे नसते. शिवचरित्रावरील व्याख्याने ऐकणाऱ्या एखाद्या तरुणाला त्या विषयावरचे आणखी काही सुचवले जाते, मग त्याहून चढ्या आवाजातले, मग आजच्या शेजाऱ्याला इतिहासातल्या शत्रूच्या जागी बसवणारे. धर्मोपदेश ऐकणाऱ्या मुसलमान तरुणाचीही अशीच वाटचाल होऊ शकते. यातला एकेक तुकडा कदाचित खोटा नसतोही. कुठल्या दूरच्या शहरातली एखादी खरी घटना असते, एखादा खरा गुन्हाही असतो. खोटी असते ती मांडणी: शंभर ठिकाणचे शंभर गुन्हे एका धाग्यात ओवून समोर ठेवले, की पाहणाऱ्याला तो एकच गुन्हा आणि एकच गुन्हेगार जमात वाटू लागते. १८७१ च्या कायद्याला जे काम करायला सरकारी दप्तर लागले, ते आता प्रत्येकाच्या खिशात, प्रत्येकाच्या आवडीनुसार होते. अशी घडलेली दृष्टी कोणत्या सत्यशोधक संकेतस्थळाने खोडायची?

दुसरी घटना या संदर्भात पाहावी. ११ ऑगस्ट २०२५ रोजी जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यात विशीतल्या एका मुस्लीम तरुणाला जमावाने मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. अन्य धर्माच्या मुलीसोबत तो एका कॅफेत बसला होता, हे निमित्त वृत्तांतांतून पुढे आले. पोलीस भरतीचा अर्ज भरायला तो जामनेरला गेला होता, असे घरच्यांनी सांगितले. आरोपींनी फोनवर काय पाहिले होते हे मी सांगू शकत नाही, आणि दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. राईनपाड्याशी तुलना केली तर एक फरक मात्र डोळ्यांत भरतो. तेथे मेलेले परमुलुखातले अनोळखी होते, आणि त्यांच्यावर मुले पळवल्याचा एक निश्चित, खोटा आरोप होता. येथे मेलेला तरुण त्याच तालुक्यातला होता, आणि आरोपाची गरजच उरली नव्हती. दोघांचे सोबत बसणे हाच पुरावा झाला. सात वर्षांत ‘टोळी’ गावाबाहेरून गावात आली.

याला यंत्र एकटे कारण नाही, हे पुन्हा सांगितले पाहिजे. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलातल्या बिलावरून सुरू झालेल्या भांडणाची दंगल झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. तेवढ्यासाठी कुणाला शिफारशींच्या प्रवाहातून जावे लागले नव्हते. अमेरिकेतील २०२० च्या निवडणुकीच्या काळात फेसबुकवर झालेले आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोगही हेच सुचवतात. तीन महिने यंत्राची निवड काढून मजकूर केवळ कालक्रमाने दाखवला, तरी लोकांची मते फारशी बदलली नाहीत. काहींना यात कंपनीची निर्दोष सुटका दिसते. मला यात एवढेच दिसते, की वर्षानुवर्षे मुरलेली दृष्टी तीन महिन्यांत पुसली जात नाही. यंत्र बंद केले म्हणजे आपले काम संपले, असे समजणाऱ्यांनी हे प्रयोग जरूर वाचावेत.

*

मग करायचे काय? कंपन्यांवर कायद्याचा अंकुश हवा, त्यांची शिफारशींची रीत तपासणीला खुली हवी. ही मागणी योग्य आहे, पण ती करून साहित्याच्या शिक्षकाने मोकळे होऊ नये. त्याच्या हातात एक विद्या आहे. ज्या धुळ्यात वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी वारले आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांचे दप्तर सांभाळून आहे, त्या जिल्ह्याला ही विद्या सांगावी लागू नये. राजवाड्यांचे जातिविषयक पूर्वग्रह आणि त्यांचे अनेक निष्कर्ष आज मान्य होणारे नाहीत. पण कागद अस्सल की नक्कल, कुणाच्या दप्तरातला, तारीख कोणती, कुठे फाटला आहे, हे विचारल्यावाचून त्यावर विसंबायचे नाही, ही शिस्त त्यांची. २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या संस्थेने बालकांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जनजागृतीपट होता. मोटरसायकलवरून मूल उचलले जाते, आणि शेवटी ते परत आणून दिले जाते. तो शेवट कुणीतरी कापला, आणि बोधपटाचा पुरावा झाला. संहितेत मजकूर गळाला तर अर्थ कसा उलटतो, हे पाठचिकित्सेच्या तासाला आपण ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांवरून शिकवतो. तोच प्रश्न सकाळी फोनवर आलेल्या निरोपाला लावून दाखवायला आपल्याला कमीपणा का वाटतो?

कमीपणा वाटतो, कारण तो निरोप आपल्याच स्टाफच्या गटात आलेला असतो. धाडणारा आपला सहकारी असतो, कधी आपले निवृत्त गुरू असतात. वर्गात ‘उचल्या’ शिकवणारा माणूस संध्याकाळी ‘सावध राहा, टोळी फिरते आहे’ हा निरोप पुढे ढकलतो, आणि गटातले उरलेले सारे गप्प राहतात. ‘सामान्य माणूस भरकटला’ असे आपण लिहितो तेव्हा तो सामान्य माणूस नेहमी कुठल्या तरी पाड्यावरचा, अल्पशिक्षित असतो. पदवी असलेला, सातवा वेतन आयोग मिळालेला माणूस त्या वाक्यात कधी येत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढच्या चर्चासत्रात अल्गोरिदमवर बोलण्याआधी प्रत्येकाने आपल्या गटातला असा एक निरोप घ्यावा, तो कुठून आला, त्यात काय कापले आहे, त्यात संशयित कोण आहे हे तपासावे, आणि ते त्याच गटात, धाडणाऱ्याच्या नावानिशी लिहावे. त्यानंतर काही स्नेहसंबंध बिघडतील. मालेगावात त्या रात्री दार उघडणाऱ्याने याहून मोठी जोखीम घेतली होती.